काल पक्षाच्या प्रवक्त्या, आज न्यायमूर्ती

परळ-नायगावच्या आमच्या चाळींत आता कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुली आहेत. त्यांतल्याच एकीने आम्हांस विचारले, "पक्षाची बाजू मांडणारी व्यक्ती न्यायाधीश कशी होते?"

प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाचा होता. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने ॲड. आरती साठे यांच्या नावाची शिफारस केली. २०२३ मध्ये त्या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. आमदार रोहित पवारांनी ते नियुक्तिपत्रच लोकांपुढे ठेवले. त्यांच्या पात्रतेबद्दल तक्रार नाही, आक्षेप पक्षपदाला आहे, असे त्यांचे म्हणणे. भाजपने उत्तर दिले की साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच पद सोडले होते. ऑगस्टमध्ये केंद्राने नेमणूक जाहीर केली आणि वाद तिथेच विरला.

बंधु-भगिनींनो, राजकारणाचा वारा लागलेला माणूस न्यायासनावर बसूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. न्या. कृष्ण अय्यर केरळात मंत्री होते. त्या वेळी कॉलेजियमचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, रिपब्लिकन नेते दादासाहेब गवई यांचे सुपुत्र. २०२३ मध्ये व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रासमधील नेमणुकीविरुद्धची याचिका ज्या पीठाने फेटाळली, त्यात तेही होते. आपलीही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण ती कामाच्या आड आली नाही, असे त्यांनी तेव्हा सांगितले. हे खरेच, पण वडिलांचे राजकारण वेगळे आणि स्वतः पक्षाचा प्रवक्ता असणे वेगळे, हा फरक आम्हांस लहान वाटत नाही. पात्रता आम्ही तपासू, योग्यता कॉलेजियमने पाहावी, असे त्या पीठाने म्हटले होते. मग कॉलेजियमने ती कशी पाहिली, हे लोकांना कळायला नको का? २८ जुलैच्या निवेदनात तर फक्त नावे होती.

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच गोष्टीकडे बोट दाखवले होते. सरन्यायाधीश झाले तरी माणूसच, माणसाचे सगळे दोष त्यांच्यातही असणार. तेव्हा त्यांच्या हाती नकाराधिकार देऊ नये आणि सरकारलाही मोकळे रान देऊ नये, असा त्यांचा मध्यममार्ग होता. १९९३ च्या निकालाने पारडे न्यायाधीशांकडे झुकले.

ते भाषण आम्ही त्या मुलीला वाचायला दिले. दोन दिवसांनी ती पुन्हा आली. पक्ष सोडल्यावर किती वर्षे थांबायचे, हे कुठे लिहिले आहे, म्हणाली. आम्ही कलम २१७ काढून तिच्यापुढे ठेवले. दहा वर्षांच्या वकिलीची अट त्यात आहे. पक्षाविषयी एक शब्दही नाही.