साचा घेण्यापूर्वी

मैत्रिणींनो, शिकवणीच्या पहिल्या कमाईतून मी काय आणलं असेल? ब्राउनीचा नागमोडी साचा! आत धातूच्या भिंती, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला खरपूस कड. घरी आल्यावर कळलं, तो आमच्या छोट्या ओव्हनमध्ये मावतच नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग असले साचे सगळेच बिनकामाचे का? छे! मध्ये नळी असलेलं बंट केकचं भांडं बघा. १९५० साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या काही महिलांना आजीच्या जड भांड्यासारखं, पण हलकं भांडं हवं होतं. एच. डेव्हिड डॅलक्विस्ट यांनी ते अ‍ॅल्युमिनियममध्ये घडवलं. खप मात्र बेताचाच! १९६६ साली पिल्सबरीच्या स्पर्धेत एला हेलफ्रिच यांच्या बंट भांड्यातल्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं, नि भांड्याला एकदम मागणी आली. मधल्या नळीमुळे उष्णता आतपर्यंत पोचते, केक मधोमध कच्चा राहत नाही. सोय म्हणतात ती ही.

तेव्हा खरेदीआधी ओव्हनची आतली लांबी-रुंदी मोजा, कानेकोपरे नीट घासता येतील ना ते पाहा, आणि त्या साच्यात आणखी काय काय होईल, हेही मनाशी ठरवा.

माझा साचा? परवा सासूबाईंनी त्याला तुपाचा हात लावून खोबऱ्याच्या वड्या थापल्या. म्हणाल्या, "तुझ्या कष्टाचे पैसे गं, वाया कसे जाऊ देईन?"