परराज्यातील अपघात आणि नुकसानभरपाईचे अधिकारक्षेत्र

दासगावचा एखादा गवंडी गुजरातेतील बांधकामावरून पडून मरण पावला, मालकाची नोंदणीकृत कचेरी मुंबईस आहे आणि विधवा व मुले सावित्रीकाठच्या घरी आहेत, अशी कल्पना करावी. भरपाईचा अर्ज कोणत्या आयुक्तापुढे करावयाचा? महाड-पोलादपूर भागातून पोटासाठी बाहेर पडण्याची रीत जुनी असल्याने हा प्रश्न तेथे निव्वळ पुस्तकी नाही.

अमेरिकेत घटक राज्यांचे भरपाईचे कायदे निराळे असल्याने कोणता कायदा लागू, हाच पहिला वाद असतो. भारतात 1923 चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम केंद्रीय होता. रकमेचे गणित राज्यागणिक पालटत नसे. वाद उरे तो स्थळाचा. मूळच्या कलम 21 अन्वये अपघात ज्याच्या हद्दीत घडला त्या आयुक्तापुढेच प्रकरण चाले. हक्क घरच्यांचा, परंतु तो मागण्याची जागा परमुलखात. अशा वेळी मुकादम देईल ती रक्कम घेऊन गप्प बसण्यावाचून गरिबास दुसरा मार्ग क्वचितच उरे.

15 सप्टेंबर 1995 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने तीन स्थळे खुली केली: अपघाताचे ठिकाण, अर्जदाराच्या सामान्य निवासाचे ठिकाण आणि मालकाच्या नोंदणीकृत कचेरीचे ठिकाण. वरील विधवेस रायगड जिल्ह्याच्या आयुक्ताकडे जाता येऊ लागले. मात्र अपघातस्थळाच्या आयुक्तास व संबंधित राज्य सरकारला सूचना दिल्यावाचून त्या आयुक्तास प्रकरण चालविता येत नसे. मालकाने मृत्यूची भरपाई गुजरातेत जमा केली असल्यास ती रक्कम व कागदपत्रे मागवून घेण्याचीही सोय होती. या सोयीविना निवाडा एकीकडे आणि पैसा दुसरीकडे, असा प्रकार झाला असता.

खरी मेख ‘सामान्यतः राहणे’ या शब्दांत आहे. विधवा पतीसमवेत गुजरातेत राहत असून त्याच्या मृत्यूनंतर गावी परतली, तर तिचा निवास कोणता मानावयाचा? परतणे हेच अशा मृत्यूचे स्वाभाविक फळ असल्याने तिला येथे संकुचित अर्थाने अडविणे दुरुस्तीच्या हेतूशी विसंगत ठरेल. ही दुरुस्ती दूरच्या न्यायासनाकडे जाण्याचा स्थलांतरितांचा त्रास टाळण्यासाठी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये मान्य केले.

भारताबाहेर अपघात झालेल्या खलाशाचे प्रकरण, जहाजाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी जेथे राहतो अथवा व्यवसाय करतो, तेथेही चालविता येई. पुढे 1923 चा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला व ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अंमलात आली. आयुक्ताच्या जागी सक्षम प्राधिकारी आला. स्थळाचे तिन्ही पर्याय आणि त्यांबरोबर ‘सामान्यतः’ हा शब्दही कायम राहिला.