समुद्राचा दगड एरंडोलात

सकाळी साडेसहा. मे महिन्यात एरंडोलला कामं उन्हाच्या आधी उरकावी लागतात. शटर वर केलं की आधी थर्मामीटर बघतो. गप्पी-मॉलीच्या टाक्या 31 अंशांवर, त्यांना चालतं. मागच्या खोलीतल्या खाऱ्या टाकीवर रात्रभर छोटा पंखा चालू असतो, म्हणून ती 28 वर. आपल्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी उडतं आणि मागे राहिलेलं गार होतं, कूलरमध्ये होतं तसंच. सकाळी पातळी उतरलेली दिसते. ती भरायची साध्या आरओच्या पाण्याने, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. नवखा माणूस इथे पुन्हा खारं पाणी ओततो, खारटपणा चढत जातो आणि मासे धापा टाकायला लागतात.

साडेआठ. ओपीडी सुरू होण्याआधी मुलांच्या डॉक्टरांकडे पोचलो. वेटिंग रूममध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी बसवून झाली आहे. त्यांना ‘निमो’ हवाय, म्हणजे क्लाउनफिश. टाकीत दगड कोणता घालायचा, एवढंच ठरायचं राहिलं आहे. डॉक्टरांनी मोबाइल पुढे केला. मुंबईच्या एका विक्रेत्याने फोटो पाठवलेला: जांभळा, हिरवा, भोकाभोकांचा लाइव्ह रॉक.

“हा टाकला की दुसऱ्या आठवड्यात मासे, असं म्हणतोय तो. खरं का?”

“समुद्राजवळ राहणाऱ्यासाठी बरंचसं खरं आहे, डॉक्टरसाहेब.”

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचे तुकडे. जीव असतो तो त्यांच्या अंगाखांद्यावर: शैवाल, स्पंज, किडे आणि मुख्य म्हणजे जिवाणू. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो विषारी. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचाही वायू करून सोडतात. टाकीचा खरा फिल्टर हा दगडच. लाइव्ह रॉकमध्ये ही वस्ती आयती मिळते, कोरड्या दगडावर ती बसवावी लागते.

बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजी कान देऊन ऐकत होत्या.

“हाऊ दगड जित्ता शे का भो? मंग तो काय खास?”

“माशांची घाण खातो, आजी.” आजींना ते पटलं. डॉक्टरांना अजून पटायचं होतं.

अकरा ते एक दुकान. दोन गोल्डफिश, एक एअर पंप, उधारीची एक वही. सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी दीड. बाहेर पाऊल ठेववत नाही. कळण्याची भाकरी खाऊन डॉक्टरांना फोनवर हिशेब सांगितला. मुंबईहून पार्सल निघणार ओल्या कागदात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात. नाशिक, मालेगाव, धुळे, पारोळा करत इथे पोचेपर्यंत एक रात्र आणि वर पार्सल ऑफिसातलं ऊन. स्पंज आधी मरणार, मग किडे. ते सडले की ज्या अमोनियापासून सुटका हवी होती तोच टाकीत उतरणार. मग तो दगड वेगळ्या टबात आठवडे न् आठवडे मुरवायचा. वेळ वाचवायला पैसे मोजायचे आणि तो फायदा वाटेतच मरायचा. शिवाय भोकांत लपून येणारे पाहुणे वेगळे: काचेच्या गुलाबासारखं दिसणारं, डंख मारणारं आयप्टेसिया आणि रात्री मासे पकडणारा मँटिस श्रिंप.

दुसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून भित्ती बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. कच्छच्या आखातातून, लक्षद्वीपहून किंवा आपल्या मालवणच्या समुद्रातून फोडलेला तुकडा कोणत्या खोक्यात निघेल, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडायला मी तयार नाही. मुलांच्या दवाखान्यात तर नाहीच.

डॉक्टर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “बरं, तुमचा कोरडा दगड घेऊन या.”

चार. अंगणात दगड धुवायला काढले. एरंडोलात दगडाला तोटा नाही, पण आपला दगड काळा बेसाल्ट. तो पाण्यात निरुपद्रवी, पण भरीव. त्यात पोकळ्या असल्या तरी बऱ्याचदा खनिजांनी भरलेल्या. जळगावचा ॲपोफिलाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, तो याच पोकळ्यांतून निघतो. संग्राहकाला जे हवं, ते जिवाणूला नको. त्याला रिकामी खोली लागते.

म्हणून मी पोरबंदरी दगड वापरतो. सौराष्ट्राचा हा चुनखडक सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याचा बनलेला, सच्छिद्र, मुंबईच्या जुन्या इमारतींत लागलेला. म्हणजे तोही एके काळी समुद्रातलाच, फक्त त्यासाठी आज कुणाला भित्ती फोडावी लागत नाही. तुकड्यावर व्हिनेगर टाकलं, फसफसलं. बेसाल्ट फसफसत नाही. ब्रशने घासून सगळे तुकडे साध्या पाण्यात बुडवले. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं, या कामाला पर्याय नाही.

साडेसहा. आधी धुऊन ठेवलेले तुकडे घेऊन पुन्हा दवाखान्यात. दगड थेट काचेच्या तळावर बसवायचे, वाळू नंतर. वाळूवर रचले तर मासे खाली उकरतात आणि ढीग कोसळतो. मधून मुठीएवढ्या गुहा आणि मागे पाणी फिरायला जागा. दगड-वाळू वजा जाता 170 लिटर पाणी बसलं. लिटरला साधारण 35 ग्रॅमने सहा किलो समुद्री मीठ आदल्या दिवशीच पाण्यात विरघळवून ठेवलं होतं. घनता 1.025 दाखवली.

आता वस्ती. माझ्या मागच्या टाकीतला दगडही कोरडाच आणलेला. आज त्यावर तपकिरी-हिरवा थर आहे आणि अमोनिया शून्य. त्यातला मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून डॉक्टरांच्या टाकीत, प्रवाहासमोर लटकवला. हेच विरजण.

नऊ. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, आणि त्यासाठी मासे मरू देणं मला मान्य नाही. कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र टाकीसाठी लॅबचा शुद्ध घ्यायचा. एक ग्रॅम पाण्यात विरघळवून ओतला, म्हणजे लिटरला जवळपास दोन मिलिग्रॅम अमोनिया. टेस्टची नळी हिरवी झाली. ती पिवळी व्हायला लागली की नायट्राइट चढेल, मग उतरेल. एवढाच डोस चोवीस तासांत पचला की पहिला मासा. चार आठवडे लागतील, कदाचित सहा. मध्ये काचेवर तपकिरी मळ येईल, कोरड्या दगडाच्या टाकीत तो येतोच. तेव्हा मला फोन करायचा, टाकी रिकामी करायची नाही.

“म्हणजे निमो कधी?”

“आषाढीनंतर. जोडी आणू.”

“आणि तोवर पोरांना काय दाखवू?”

“दगड.”

डॉक्टर हसले आणि टाकीचा दिवा मालवायला गेले. मी बादल्या उचलल्या. घरी जाऊन पोरबंदरी तुकड्यांचं पाणी अजून एकदा बदलायचं होतं.