टाकीत तेल होते, तरी इंजिन थांबले

विहिरीवरचे डिझेल इंजिन तेल संपून बंद पडले की काय होते, हे आपणांस सांगायला नको. नुसती टाकी भरून भागत नाही. नळीत शिरलेली हवा काढण्यात अर्धा तास जातो आणि तोवर दारे धरणारा बांधावर बसून राहतो. पण हेच आकाशात घडले तर?

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात २९ नोव्हेंबर २०१३ रोजी पोलिसांचे एक हेलिकॉप्टर ४०० किलो तेल घेऊन रात्री पावणेनऊला उडाले. १० वाजून २२ मिनिटांनी ते ‘क्लुथा’ नावाच्या मद्यगृहाच्या छपरावर कोसळले. हेलिकॉप्टरमधले तिघे आणि मद्यगृहातले सात, असे दहा जण प्राणाला मुकले.

तपासात आढळले की मुख्य टाकीत ७६ किलो तेल शिल्लक होते. म्हणजे आपले २० लिटरचे जवळजवळ पाच डबे! परंतु या हेलिकॉप्टरची इंजिने मुख्य टाकीतून थेट तेल घेत नाहीत. ते पंपाने आधी लहान टाक्यांत यावे लागते. त्या पंपांची बटणे बंद होती. का, ते तपासणाऱ्यांनाही सांगता आले नाही. तेल कमी झाल्याचा इशारा पाच वेळा मिळाला होता. इशारा मिळताच दहा मिनिटांत उतरावे असा नियम. वैमानिक चांगला अनुभवी, तरी उतरला नाही. आधी एक इंजिन थांबले, ३२ सेकंदांनी दुसरे.

इंजिन थांबले तरी हेलिकॉप्टर लगेच दगडासारखे पडत नाही. खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवून ते उतरवता येते. मात्र त्याला उंची किंवा वेग हवा. पिकांवरची फवारणी, विजेच्या तारांची पाहणी ही कामे झाडांच्या शेंड्यालगतची. तिथे सावरायला सवड कुठली?

शिवाय फवारणीत वजनाची ओढाताण असते. औषध जास्त उचलायचे तर तेल कमी भरायचे आणि पुन्हापुन्हा उतरून भरून घ्यायचे. ‘एवढी एक फेरी मारू’ हा मोह इथेच होतो. अमेरिकेत नियम आहे की मुक्कामी पोचूनही २० मिनिटे पुरेल एवढे तेल हवेच. तरीही १९६० साली रशियावर विमान पाडले गेले असता वाचलेला गॅरी पॉवर्स, १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये बातम्यांच्या हेलिकॉप्टरचे तेल संपून गेला.

लहान हेलिकॉप्टरचे काही वैमानिक काट्यावर विसंबत नाहीत. उडण्यापूर्वी टाकीत पट्टी बुडवून तेल मोजतात, आपण ट्रॅक्टरच्या टाकीत काडी घालून पाहतो तसे.