सायकलवरून हिमालय (लेखांक ६) : पुढच्या तंबूपर्यंत
मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे टांडी लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. फलक गाड्यांसाठी असला तरी सायकलवाल्यानेही तो नीट वाचावा. दारचा सोडलं की बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३२८ मीटर उंचीचा तांगलांग ला ओलांडून सिंधूकाठी उपशीला उतरेपर्यंत सुट्या भागांची आशा धरू नये. झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग अशा ठिकाणी उन्हाळ्यात तंबू असतात. तिथे चहा मिळतो, राजमा-चावल मिळतो, झोपायला गादी मिळते. नऊ स्पीडची चेन मिळत नाही.

पुण्या-मुंबईहून गटाने जाणाऱ्यांच्या मागे गाडी असते आणि गाडीत मेकॅनिक असतो. एकट्याने जाणाऱ्यासाठी काय बिघडलं याच्या आधी दुसराच प्रश्न येतो : पुढचा तंबू किती लांब आहे, आणि सायकल तिथवर जायला कमीत कमी काय करावं लागेल? रस्त्यावर एवढंच काम करायचं. उरलेली दुरुस्ती वारा अडवणाऱ्या कापडाआड, बोटं ऊबदार असताना करावी.

सगळ्यात जास्त घात होतो तो मागच्या गिअरचा. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी, म्हणजे हँगर, मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची केलेली असते. धक्का बसला तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी, अशी ती योजना. सायकल उजव्या अंगावर पडली की पट्टी आत वाकते. सपाटीवर काही जाणवत नाही. चढ येतो, तुम्ही सगळ्यात हलका गिअर टाकता, चेन मोठ्या चक्रीवर जाते आणि आत कललेला डिरेलर फिरत्या तारांमध्ये शिरतो. एका क्षणात डिरेलर, हँगर आणि दोन-चार तारा जातात. म्हणून सायकल कधीही पडली की पुन्हा बसण्याआधी मागे उभं राहून पाहा : डिरेलरच्या दोन्ही छोट्या चक्र्या वरच्या चक्रीच्या बरोबर खाली, सरळ रेषेत आहेत का? तिरक्या दिसल्या तर बदली हँगर बसवा. तो नसेल तर पट्टी हाताने हलकेच एकदाच सरळ करा. पुन्हापुन्हा वाकवलेलं ॲल्युमिनियम तुटतं. मग ‘एल’ अक्षराचा स्क्रू थोडा आत फिरवा, म्हणजे चेन मोठ्या चक्रीवर जाणारच नाही. हलका गिअर गेला तरी सायकल उरते.

बदली हँगर तुमच्याच फ्रेमचा लागतो. दुसऱ्या कंपनीचा, पुष्कळदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचाही बसत नाही. वजन नगण्य असतं. माझ्या मते जादा टायरच्या आधी तो सामानात जायला हवा.

हँगर तुटलाच तर डिरेलर काढून ठेवा, चेन तोडून आखूड करा आणि पुढची लहान व मागची मधली चक्री सरळ रेषेत धरून एकाच गिअरची सायकल बनवा. यासाठी चेनचा कटर आणि तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक लागते. चेन मधूनमधून मोठ्या चक्रीवर चढू पाहील, तेव्हा पॅडलवर उभं राहून जोर लावू नका. हा रस्ता लष्कराच्या भरलेल्या ट्रकांसाठी आखलेला आहे. गाटा लूप्सची एकवीस वळणंदेखील भिंतीसारखी अंगावर येत नाहीत. थोडं चालत, थोडं चालवत माणूस पोचतो.

डर्व्हला मर्फी ही आयरिश प्रवासी १९६३ साली एकटीने सायकलवरून दिल्लीला आली. निघण्याआधी तिने गिअर काढूनच टाकले होते, कारण आशियातल्या रस्त्यांवर ते टिकतील असं तिला वाटेना. तेवढं टोक आज गाठायची गरज नाही, पण सायकल गिअरशिवायही चालते ही गोष्ट तिने डोंगरांतून सिद्ध केली आहे.

तार तुटते ती बहुतेकदा मागच्या चाकाची, तीही चक्र्यांच्या बाजूची, जिथे नवी तार ओवायला आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, उतरवावी लागते. कॅसेटचा पाना नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा आणि तिच्या दोन्ही बाजूच्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा. त्या रिमला उलट दिशेला ओढत असतात. त्यांचा ताण कमी झाला की चाकाचा आऊट बराचसा निघतो. मागचं सामान शक्य तेवढं पुढे घ्या.

पंक्चरचं फारसं सांगण्यासारखं नाही. रस्त्यावर ट्यूब बदला, पंक्चर रात्री काढा. थंडीत सोल्यूशन वाळायला वेळ लागतो. टायरची कड फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा गेटर म्हणून ठेवा. पण पंपाचं गणित माहीत असू द्या. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे पंपाच्या प्रत्येक दट्ट्यात निम्मीच हवा आत जाते. घरी जितके दट्टे लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट तिथे लागतात, आणि तुमच्या छातीचीही तीच अवस्था असते. घाई करू नका, दम खाऊन हवा भरा. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा ॲडॉप्टर जवळ ठेवा. ट्रकच्या पंक्चरवाल्याकडची हवा त्याच्याशिवाय उपयोगाची नाही.

आता जे रस्त्यावर होत नाही त्याविषयी. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तुर्मालेचा घाट उतरताना युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही असा नियम होता. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त चालला, सेंट-मारी-दे-कांपां गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. भाता एका पोराने ओढला म्हणून त्याला दंडाची मिनिटंही पडली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातलं पोलाद महत्त्वाचं वाटतं. पोलादी फोर्क भट्टीत जोडता आला. आजचा कार्बनचा फोर्क कोणत्याही गॅरेजात जोडून मिळणार नाही. एकट्याने दूर जाणाऱ्याने पोलादी फोर्क निवडावा, वजन वाढलं तरी. त्याच कारणाने ब्रेकही केबलचा बरा. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल गळू लागलं तर वाटेत इलाज नाही. केबल मात्र बदलता येते.

फोर्कला किंवा रिमला तडा दिसला, किंवा दोन्ही ब्रेक गेले, तर सायकलवर बसायचं नाही, ट्रक थांबवून पुढे जायचं. यात तडजोड नको. हा निर्णय दुपारच्या आत घ्या. दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, गाड्या विरळ होत जातात आणि वारा सुटतो. सगळे गरम कपडे चढवा, पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि ट्रक लांबून दिसेल अशा सरळ पट्ट्यावर थांबा, वळणावर नको. ट्रकवर चढवताना सायकल डाव्या अंगावर झोपवा, गिअरची बाजू वर, आणि दोरी फ्रेमला बांधा, चाकाला नाही.