रोमान्स भाषांतील अनेकवचन : विभक्तिभेद की ध्वनिभेद?

लॅटिनपासून उद्भवलेल्या रोमान्स भाषांचे नामांच्या अनेकवचनावरून दोन गट पाडण्याची प्रथा आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, फ्रेंच व सार्डिनियन या भाषांत अनेकवचन 'स्' या प्रत्ययाने होते. इटालियन व रुमानियन या भाषांत ते अंत्य स्वराच्या बदलाने होते. 'लांडगा' या अर्थाच्या शब्दाची स्पॅनिश रूपे 'लोबो–लोबोस', तर इटालियन रूपे 'लूपो–लूपी' अशी आहेत. 'शेळी' या अर्थी स्पॅनिशमध्ये 'काब्रा–काब्रास', तर इटालियनमध्ये 'काप्रा–काप्रे' अशी रूपे होतात. वाल्टर फॉन वार्टबुर्ग यांनी 1936 मध्ये इटलीतील ला स्पेत्सिया ते रिमिनी या रेषेच्या आधारे पश्चिम व पूर्व रोमान्स असा जो विभाग केला, त्याचे हे एक प्रमुख गमक होय.

या भेदाचे रूढ स्पष्टीकरण विभक्तीवर आधारलेले आहे. लॅटिनमध्ये 'लुपुस' या पुल्लिंगी नामाचे प्रथमेचे अनेकवचन 'लुपी' व द्वितीयेचे 'लुपोस' असे होते. 'काप्रा' या स्त्रीलिंगी नामाची तीच रूपे अनुक्रमे 'काप्राए' व 'काप्रास' अशी होत. विभक्तिव्यवस्था ढासळल्यावर पश्चिमेने द्वितीयेचे रूप राखले आणि पूर्वेने प्रथमेचे, असे हे स्पष्टीकरण सांगते.

पश्चिमेपुरते त्यास भक्कम प्रमाण आहे. प्राचीन फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामांच्या दोन विभक्ती शिल्लक होत्या. 'भिंत' या अर्थाच्या शब्दास प्रथमेच्या एकवचनात 'स्' लागे व अनेकवचनात लागत नसे. प्रथमेतर विभक्तीत नेमके याच्या उलट होई. पुढे प्रथमेची रूपे बहुतांशी लोपली आणि 'स्' हे केवळ अनेकवचनाचे चिन्ह ठरले. येथे द्वितीयेचा विजय लिखित पुराव्यावरून पाहता येतो.

पूर्वेकडील स्थिती मात्र इतकी सरळ नाही. इटालियनमध्ये 'मित्र' या अर्थी 'अमीको' या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन 'अमीची' होते. 'मैत्रीण' या अर्थी 'अमीका' या शब्दाचे मात्र 'अमीके' होते, 'अमीचे' होत नाही. लॅटिनमधील 'क्' पुढे 'इ', 'ए' किंवा 'आए' आल्यास इटालियनमध्ये त्याचा 'च्' होतो. 'आकाश' या अर्थाच्या लॅटिन 'काएलुम' या शब्दापासून 'चेलो' हा शब्द झाला, हे त्याचे उदाहरण. 'अमीची' हे रूप या नियमानुसार प्रथमेच्या 'अमीकी' या रूपापासून साधते. परंतु स्त्रीलिंगी रूप प्रथमेच्या 'अमीकाए' या रूपापासून आले असते, तर तेथेही 'च्' अपेक्षित होता.

ही अडचण द्वितीयेचे रूप मूळ मानल्यास दूर होते. इटालियनमध्ये शब्दान्तीचा 'स्' अनेक ठिकाणी केवळ लोपला नाही, तर त्याच्या जागी 'इ' आला. 'आम्ही' व 'तुम्ही' या अर्थांची 'नोस' व 'वोस' ही लॅटिन रूपे इटालियनमध्ये 'नोइ' व 'वोइ' झाली. याच मार्गाने 'अमीकास' पासून 'अमीकाइ' व त्यापासून 'अमीके' अशी परंपरा लावता येते. तालव्यीकरणाच्या काळात 'क्' पुढे अद्याप 'आ' असल्यामुळे तो अबाधित राहिला. एकवचनाच्या सादृश्याने 'क्' टिकला असावा, असा आक्षेप संभवतो. 'अग्नी' या अर्थाच्या 'फुओको' या पुल्लिंगी शब्दाचे 'फुओकी' असे अनेकवचन होते, हेही खरे. परंतु पुल्लिंगात 'अमीची' व 'फुओकी' असे दोन्ही प्रकार आढळतात, तर 'का'कारान्त स्त्रीलिंगी नामांत 'क्' नियमाने टिकतो. केवळ सादृश्याने या विषमतेचा उलगडा होत नाही.

असे मानल्यास इटालियनचे पुल्लिंगी अनेकवचन प्रथमेचे, तर स्त्रीलिंगी अनेकवचन द्वितीयेचे ठरते. मग पूर्व व पश्चिम यांतील सीमा दोन विभक्तींमधील सीमा राहत नाही. निदान स्त्रीलिंगी नामांपुरती ती अंत्य 'स्' टिकला की स्वरात विलीन झाला, यांमधील सीमा ठरते. 'काब्रास' व 'काप्रे' ही रूपे दिसावयास भिन्न असली, तरी एकाच लॅटिन रूपाची अपत्ये असू शकतात.

ध्वनिपरिवर्तन वचनाचे चिन्ह जसे बदलते तसे ते पुसूनही टाकते. आधुनिक फ्रेंचमध्ये लिहिला जाणारा अनेकवचनी 'स्' सामान्यतः उच्चारला जात नाही. वचनाचा बोध बहुधा नामापूर्वीच्या उपपदावरून होतो. मराठीच्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. प्राकृतातील 'हत्थो' व 'हत्था' या रूपांमधील भेद अंत्य स्वरांच्या लोपामुळे नाहीसा होऊन मराठीत दोन्ही वचनी 'हात' हेच रूप उरले. 'हात दुखला' व 'हात दुखले' यांतील वचनभेद क्रियापदाने सांभाळला. म्हणून आजच्या प्रत्ययाकडे पाहून त्याची मूळ विभक्ती ठरविणे धोक्याचे आहे. प्रत्ययामागील ध्वनींचा क्रम, त्यांतील बदलांची कालानुपूर्वी आणि लिंगानुसार पडणारा फरक यांची छाननी झाल्यावाचून रूपसाम्य हा वंशसाम्याचा पुरावा ठरत नाही, आणि रूपभेद हा वंशभेदाचाही नाही.