व्यसन आणि मनोनिग्रह

व्यसनाधीन मनुष्य म्हणजे दुबळ्या मनाचा मनुष्य, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या समजास धक्का देणारा एक अनुभव अमेरिकेस आलेला आहे.

इ. स. १९७१ सालीं व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्यांत हेरॉईन या मादक द्रव्याचा फार सुळसुळाट झाला होता. हे शिपाई घरीं परतल्यावर काय होईल, या चिंतेनें तेथील सरकार ग्रासलें. स्वदेशीं निघण्यापूर्वीं प्रत्येकाच्या लघवीची परीक्षा होऊं लागली. तींत हेरॉईन आढळल्यास त्याचें जाणें लांबे. परतलेल्यांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषींनीं केली. व्हिएतनामांत पांचांतील सुमारें एक शिपाई या व्यसनांत सांपडला होता. परंतु घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत त्यांपैकीं शेंकडा ५ जणच पुनः व्यसनाधीन झाले!

शिपाई तेच, मनेंही तींच. बदलली ती परिस्थिति. तिकडे मृत्यूचें भय, कंटाळा, स्वस्त हेरॉईन आणि तेंच घेणारे सोबती. इकडे घर, काम आणि आप्तजन.

याचें कारण असें कीं, मेंदू व्यसनाबरोबर त्याची जागा, वेळ आणि सोबतही लक्षांत ठेवतो. ओळखीचें दुकान दिसतांच मेंदूंत डोपामिन नांवाचें द्रव्य स्रवतें व इच्छा उसळते. पुष्कळदां सेवनांतलें सुख केव्हांच सरलेलें असतें, तरी ओढ उरते. त्या क्षणीं तिच्याशीं झुंजणें अत्यंत कठीण. म्हणून तंबाखूची पुडी खिशांत ठेवून "खाणार नाहीं" असें शंभरदां घोकण्यापेक्षां ती विकतच न घेणें, त्या दुकानावरची वाट सोडणें व त्या वेळीं हातांस दुसरें काम देणें, हाच खरा मनोनिग्रह होय.

यावरून निश्चय व्यर्थ ठरत नाहीं. मात्र निश्चयास कांहीं तरी प्रिय असें पुढें दिसावें लागतें. त्या शिपायांस घर दिसत होतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं कोणी व्यसनांत सांपडला असेल, तर त्यास हिणवूं नका; आणि त्याचें व्यसन हा आपला दोष, असेंही मानूं नका. वडील मंडळींनीं त्यास वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावें. कारण फार दिवसांची दारू एकाएकीं सोडणें प्रसंगीं जिवावरही बेततें. एकदां पाय घसरला म्हणजे सारें संपलें, असें नाहीं. उठून पुनः चालूं लागणाऱ्यास घरचें दार उघडें असावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.